तिसरी दुरुस्ती

गाडीच्या एसीत कुणीतरी गळती बुजवायचं रसायन घातलंय, हे एलिसेओ ब्राकामोंतेला कळलं तो मंगळवार होता. जूनचा शेवट, सकाळचे सव्वानऊ, आणि टुसॉनमध्ये पारा तेवढ्यातच शंभर फॅरनहाइटच्या वर गेलेला. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात काउंटरमागचा माणूस हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवत म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला आम्ही आमचं यंत्र लावू शकत नाही. आत बुजवणी आहे. हवा लागली की ती दगडासारखी घट्ट होते. तुमच्या नळ्यांत झालीच आहे, उद्या आमच्या यंत्रातही होईल." एलिसेओनं विचारलं, "कुणी घातली?" "ते तुम्हाला माहीत. शेवटचं काम कुणी केलं होतं? दुकानात वीस-पंचवीस डॉलरला डबा मिळतो, भोकाला तोंड लावायचं आणि सोडायचं. मेकॅनिक म्हणवणारा माणूस असला डबा हातात धरत नाही." मग त्यानं आकडा सांगितला. कॉम्प्रेसर, नळ्या, कूलिंग कॉइल, सगळंच नवं. चार हजारांच्या वर. गाडी विकली तर तीनसुद्धा येणार नाहीत, हे त्यानं न विचारता सांगितलं. एलिसेओला राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. छातीत वर्षभर काहीतरी आडवं अडकलं होतं ते उभं झालं. "हे एवढं लिहून द्या," तो म्हणाला. "काय लिहू?" "हेच. की आत बुजवणी आहे म्हणून." माणसानं खांदे उडवले आणि छापील कागदाच्या मागे दोन ओळी खरडून दिल्या. एलिसेओनं कागदाची चार पदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

गाडी उन्हात उभी होती. त्यानं दार उघडलं, आतली हवा बाहेर येऊ दिली, सीटवर पडलेला ओव्हनचा हातमोजा डाव्या हातात चढवला आणि स्टीअरिंग धरलं. या गावात उन्हाळ्यात उघड्या हातानं स्टीअरिंग धरवत नाही. कुणी टॉवेल ठेवतं, कुणी जुना पायमोजा. त्याच्या बायकोनं, बेलेननं, हा हातमोजा ठेवला होता. निळ्या चौकड्यांचा, जाड, अंगठा ऐसपैस. जोडीतला दुसरा स्वयंपाकघरात खिळ्याला होता. या मोज्याच्या तळव्यावर आणि अंगठ्यावर फिकट पिवळसर डाग होते, हिरव्या मिरचीच्या साल्सा चटणीचे असावेत. एलिसेओनं ते धुतले नव्हते. तिच्या हातानं पडलेले डाग धुवायचे कशाला, इतकाच विचार त्यामागे होता, आणि तोही त्यानं पुरता केला नव्हता. चारही काचा खाली करून तो दक्षिणेकडे निघाला. वारा गरम होता, पण वर्षभर तो असाच चालवत होता. गाडी त्यानं कुणालाच दाखवली नव्हती. या आठवड्यात दाखवावी लागली ती इर्मामुळे. शनिवारी बेलेनच्या वर्षश्राद्धाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, होती आणि मुलगी सॅन दिएगोहून पाच महिन्यांचं बाळ घेऊन यायची होती. फोनवर ती म्हणाली, "आपा, त्या भट्टीत मी बाळाला बसवणार नाही. एसी करून घ्या, नाहीतर मी विमानतळावरून टॅक्सी करते." "टॅक्सी कशाला? मी आहे ना." "तुम्ही आहात हो. एसी नाहीये." आणि मग, "नीनोकडे का नेत नाही गाडी? भांडलात का तुम्ही दोघं?" "आम्ही कशाला भांडतोय," एलिसेओ म्हणाला. ते खरंही होतं.

नीनो म्हणजे इर्माचा धर्मपिता, नाबोर सेलाया. एलिसेओ आणि नाबोर दुसरीपासून एका बाकावर बसलेले. दोघांनी मिळून विद्यापीठाच्या रस्त्यावरची कडू संत्री चोरली होती, फेकून पोलिसाच्या टोपीला मारली होती, आणि मार एकट्या नाबोरनं खाल्ला होता. तेव्हापासून ते एकचाळीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी दुपारपर्यंत त्यांच्यात अरे-तुरे आणि शिव्या यांपलीकडे भाषा नव्हती. त्या रविवारी नाबोरनं इर्माला हातांत धरलं, पाद्रीनं तिच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी ओतलं, आणि मुलीचा बाप आणि धर्मपिता या नात्यानं ते दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे झाले. चर्चबाहेर येताच नाबोरनं बर्फाच्या पेटीतून बाटली काढली आणि मान लववून म्हणाला, "तुम्ही बिअर घेणार ना, कोम्पाद्रे?" सगळे हसले. एलिसेओही हसला आणि म्हणाला, "तुम्ही आधी घ्या, कोम्पाद्रे." थट्टा म्हणून सुरू झालं ते तसंच राहिलं, कारण तशीच रीत होती. कोम्पाद्रेला अहो-जाहोच करायचं. आणि त्याच्याशी भांडायचं नाही. एलिसेओची आई म्हणायची, भावाशी भांडलास तर मी मिटवीन, कोम्पाद्रेशी भांडलास तर देवाला खाली यावं लागेल. त्यामुळे एकचाळीस वर्षं दोघांनी एकमेकांना एक वाकडा शब्द वापरला नाही. बेलेनला याची मजा वाटायची. "दोन म्हातारे बघा," ती चेलाला, नाबोरच्या बायकोला, म्हणायची, "पत्ते खेळताना एकमेकांना फसवतात आणि वर म्हणतात, क्षमा करा हं कोम्पाद्रे, तुम्ही हरलात."

नाबोरचं गॅरेज त्याच्या घरामागेच होतं. एसी पहिल्यांदा बिघडला तो तीन उन्हाळ्यांपूर्वी. पुढच्या जाळीला रस्त्यावरचा खडा लागून भोक पडलं होतं. नाबोरनं जाळी बदलली. पैसे फक्त सामानाचे घेतले. "मजुरीचं काय?" "कोम्पाद्रेकडून मजुरी घेतली असं चेलाला कळलं तर मला याच गॅरेजात झोपावं लागेल. इथं विंचू आहेत." दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर गेला. तो बसवायला नाबोरचा ईस्टरआधीचा अख्खा शनिवार गेला, दोन बोटं कापली, आणि पुन्हा फक्त सामानाचे पैसे. एलिसेओनं बळेच त्याच्या खिशात नोटा कोंबल्या, त्या संध्याकाळी चेलानं मक्याच्या तमालेंच्या डब्याच्या तळाशी घालून परत पाठवल्या. बेलेनला हसू आवरेना. एलिसेओला आवडलं नाही. एकतीस वर्षं त्यानं पाणीखात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचले होते. उन्हात उभा बघून लोक दारातून विचारायचे, पाणी घेणार का? तो कमरेची बाटली दाखवायचा. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेणारा माणूस, आणि त्याच्या गाडीत दुसऱ्याच्या शनिवारानं थंड हवा येत होती. हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण ज्याला सांगायचं तोच कोम्पाद्रे.

म्हणून गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, दुसऱ्या दुरुस्तीला दोन महिने होत नाहीत तोच, हवा पुन्हा कोमट लागायला लागली तेव्हा तो बेलेनला म्हणाला, "मी आता तिसऱ्यांदा त्याच्या दारात जाऊन उभा राहणार नाही." ती ओट्याशी टॉर्टिया शेकत होती. तिला तेव्हा आठवड्यातून दोनदा केमोला जावं लागायचं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाऊण तास. "मग दुसऱ्या कुणाकडे ने," ती म्हणाली. "दुसऱ्याकडे नेली तर त्याला वाईट वाटेल." "मग?" "मग काय, काचा आहेत की गाडीला. आपण लहान असताना कुठं होते एसी?" तिनं टॉर्टिया उलटली. तिच्या बोटांतली जाण औषधांनी गेली होती, त्यामुळे ती आता तव्यावरून टॉर्टिया हातानं न उलटता चिमट्यानं उलटायची. आयुष्यभर हातानं उलटणाऱ्या बाईला चिमटा शोभत नव्हता. एलिसेओनं ते पाहिलं होतं, आणि तरी ते वाक्य बोलला होता. दोन दिवसांनी सकाळी तो उठला तर ती स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होती, आंघोळ करून, केसांच्या जागी रुमाल बांधून. "गाडी झाली," ती म्हणाली. "झाली म्हणजे?" "काल तू झोपलास तेव्हा नेली होती कोम्पाद्रेंकडे. त्यांनी केली. जाऊन बघ, बर्फासारखी हवा येतेय." "पैसे?" "घेतले नाहीत." "बघ. म्हणूनच म्हणत होतो." "तू म्हणत होतास ना, म्हणून मीच गेले. तू नाही गेलास उभा राहायला. झालं समाधान, म्हातारबा?" तो बाहेर गेला. हवा खरंच गार होती.

त्यानं नाबोरला फोन करून आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. आधीच्या दोन खेपांचं ओझं होतं, त्यात ही तिसरी, आणि तीही बायकोला पुढे करून. काय म्हणणार फोनवर? पुढच्या रविवारी चर्चबाहेर नाबोर भेटला. बेलेनची चौकशी केली, कोमाद्रे कशा आहेत, जेवतात का? गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एलिसेओला वाटलं, मोठेपणा करतोय. उपकार करून तो बोलून दाखवत नाही, म्हणजे दुप्पट उपकार. त्यानंही विषय काढला नाही.

ती हवा एकोणीस दिवस टिकली. विसाव्या दिवशी पारा एकशे बारावर होता, केमोहून परत येताना हायवेवर पुढे कुठेतरी ट्रक उलटला होता, आणि तिन्ही रांगांत गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. आधी हवा कोमट झाली, मग गरम, मग पंख्यातून धूळ आणि कसलासा गोडसर वास यायला लागला. त्यानं काचा खाली केल्या. शेजारच्या ट्रकच्या इंजिनची धग आत आली. बेलेननं डोळे मिटून मान मागे टेकली होती. तिच्या कपाळावर घाम नव्हता, हेच त्याला भीतीचं वाटलं. बाटलीतलं पाणी तिच्या रुमालावर ओतलं, ते मिनिटात वाळलं. "काय केलं त्यानं?" तो ओरडला. "महिनाही नाही टिकलं! फुकट करायचं म्हणून काहीही करायचं?" तिनं डोळे न उघडता म्हटलं, "कोम्पाद्रेंचा काही दोष नाही." "नाही कसा?" "नाहीये, एली. त्यांचा काही दोष नाही." दोनदा म्हणाली. तो म्हणाला, "तू सगळ्यांची वकील आहेस." एक तास दहा मिनिटं ते तिथे उभे होते. घरी पोचल्यावर ती अंथरुणावर पडली, रात्री ताप चढला, त्याच रात्री हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही, नऊ दिवसांनी तिथंच संपली. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं की हा संसर्ग होता, रक्तातल्या पेशी इतक्या कमी झाल्या होत्या की कुठूनही झाला असता. त्यानं विचारलं, "उन्हानं?" त्या म्हणाल्या, "नाही. उन्हाचा संबंध नाही." त्या खरं बोलत असतील. त्यांनी तो ट्रक पाहिला नव्हता, तो गोडसर वास घेतला नव्हता.

दफनाच्या दिवशी नाबोरनं त्याला मिठी मारली. एलिसेओनं आपले हात खाली सरळ ठेवले. एवढंच. भांडला नाही. पुढे चेलानं घेवडा पाठवला, त्यानं पातेलं धुवून त्यांच्या कुंपणावर ठेवलं, आत गेला नाही. रविवारी तो लवकरच्या मिस्सेला जाऊ लागला, कारण नाबोर उशिराच्या मिस्सेला जायचा. रस्त्यात दिसला तर हात वर करायचा. मीटर वाचताना अशी घरं पुष्कळ पाहिली होती त्यानं. घरातली बाई शपथेवर सांगायची, सगळे नळ बंद आहेत हो. आणि मीटरवरचा इवलासा लाल त्रिकोण फिरत असायचा. नळ बंद आहेत हे खरंच असायचं. पाणी जमिनीखाली कुठंतरी जात असायचं.

आता खिशात कागद होता. वाक्यही तयार होतं. दक्षिणेकडच्या सहा मैलांत त्यानं ते तीन-चारदा घोळून गुळगुळीत केलं. कोम्पाद्रे, माझ्या गाडीत तुम्ही काय घातलं होतंत? अहो-जाहो ठेवून, आवाज न चढवता. पुढचं नाबोरनं बोलायचं.

नाबोर गॅरेजच्या दारात एका पिकअपखालून पाय बाहेर काढून पडला होता. वर कूलर घरघरत होता आणि ओल्या भुशाचा वास येत होता. आवाजावरून गाडी ओळखली असावी, कारण तो सरकत बाहेर आला, उठून बसला आणि नुसता बघत राहिला. तो म्हातारा झाला होता. वर्षभरात एवढा कसा झाला? "कोम्पाद्रे," तो म्हणाला, आणि तेलकट हात पँटला पुसत घाईनं उभा राहिला. "या, या. चेला चर्चमध्ये आहे, नाहीतर आत्ता रडारड झाली असती. कॉफी घेता? की आपलं गार काही?" "नको. गाडी दाखवायची होती." "तुमच्या या गाडीला आता मेकॅनिक नको कोम्पाद्रे, पाद्री बोलवा." आणि स्वतःच हसला, आणि हसू चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहू दिलं. एलिसेओनं खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला. तयार वाक्य तोंडाशी आलं होतं. नाबोरनं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. "बुजवणी?" त्याचा चेहरा खराच बदलला. दाराआड चोर बघितल्यासारखा. "कुणा गाढवानं घातली? नाव सांगा मला त्याचं. नवा कॉम्प्रेसर होता तो! माझी दोन बोटं कापली होती त्याच्यापायी!" एलिसेओला वाटलं, छान नाटक करतोय. मग वाटलं, नाबोरला असलं काही कधी जमलं नाही. पत्त्यांतसुद्धा एक्का आला की त्याचे कान लाल व्हायचे. "तुम्ही शेवटचं काम कधी केलंत या गाडीचं?" त्यानं विचारलं. "मी? गेल्या वर्षी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी. कॉम्प्रेसर." "आणि जूनमध्ये?" "कुठल्या जूनमध्ये?" एलिसेओ त्याच्या कानांकडे बघत होता. ते नेहमीच्या रंगाचे होते. "काही नाही," तो म्हणाला.

नाबोरनं गाडी आत घेतली आणि लोखंडी दार खाली ओढलं. गॅरेजात अंधार झाला. एक पिवळ्या काचांचा चष्मा त्यानं स्वतः लावला, एक एलिसेओला दिला. "हल्ली या डब्यांत रंगही असतो. गळती कुठं आहे ते दिसावं म्हणून. निळ्या दिव्याखाली चमकतो." त्यानं बॉनेट उचललं आणि दिवा लावला. काळ्या इंजिनात एक नळी हिरवी पिवळी पेटल्यासारखी दिसली. गॅस भरायच्या तोंडाशी, त्याच्या खाली, बॅटरीच्या पेटीवर, सगळीकडे थेंब आणि ओघळ. "बघा. बघा याचं काम. अर्धा डबा बाहेरच सांडलाय. तोंड नीट बसवताही आलं नाही. हात थरथरत होता गाढवाचा." एलिसेओ बघत होता. बोटांना जाण नसेल तर तोंड नीट बसलं की नाही हे कळणार कसं? शर्टाची बटणं तोच लावायचा तिची. या विचाराचा अजून कशाशी संबंध त्यानं जोडला नव्हता. तो नुसता येऊन थांबला होता. नाबोर खाली वाकला, एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या गाडीखालच्या नळीवर दिवा धरला. तिचं टोकही चमकत होतं. "म्हणजे कॉइल. डॅशबोर्डच्या मागे. सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. ईस्टरला ती दिसली नव्हती मला, बारीक असणार तेव्हा. ती चूक माझी, कोम्पाद्रे, धरा माझ्याकडे." मग आतून बघावं म्हणून त्यानं चालकाचं दार उघडलं आणि दिवा आत घातला.

शेजारच्या सीटवर एक हात पडला होता. तळवा आणि अंगठा, हिरवा पिवळा, स्वच्छ चमकणारा, बोटांच्या बाजूला ओघळ मनगटापर्यंत उतरलेला. बाकी सगळा काळोख. कूलरची घरघर ऐकू येत होती. डबा सोडताना इतका गार पडतो की उघड्या हातानं धरवत नाही, हे एलिसेओला ठाऊक होतं, नाबोरनंच कधीतरी सांगितलं होतं. तो झोपला होता. ती पोर्चमध्ये एकटी, बॉनेटचा दांडा खांद्यानं रेटून वर केलेला, डब्यावरची बारीक अक्षरं चष्म्याजवळ धरून वाचत असणार. एका हातात हा मोजा. डबा निसटला असेल, पुन्हा धरला असेल. मग इंजिन चालू करून आत बसून हवा येते का बघितलं असेल, आणि आली तेव्हा, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं, हसली असेल. मग रिकामा डबा कुणाच्या तरी कचऱ्यात नेऊन टाकला. आणि सकाळी कॉफी पीत त्याची वाट बघत बसली, म्हणजे त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये. कोम्पाद्रेंचा काही दोष नाही. दोनदा सांगितलं होतं तिनं, आणि तिसऱ्यांदा काय झालं ते सांगायला तोंड उघडण्याआधी त्यानं तिला वकील करून टाकलं होतं.

नाबोरनं मोजा ओळखला. जोडी चेलानंच शिवली होती, नाताळला. त्यानं दिवा विझवला. अंधारात त्याचा आवाज आला, "कोमाद्रेनं घातलं रे, एली."

एकचाळीस वर्षांनी तो अरे म्हणाला होता. त्याला स्वतःला ते कळलं नसावं. एलिसेओनं पिवळा चष्मा काढला, काही फरक पडला नाही. "गाढव म्हणालो मी तिला," नाबोर म्हणाला. "देवा रे. तुला सांगितलं नव्हतं तिनं?" हीच ती जागा होती. सांगितलं होतं, तू केलीस म्हणून सांगितलं होतं, आणि मी वर्षभर. पुढचं वाक्य कसं जातं हे त्याला माहीत नव्हतं. ते त्यानं घोळलेलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "मला तरी सांगायचं," नाबोर म्हणाला. "मी तिच्या दारात येऊन केली असती. रात्री बोलावलं असतं तरी आलो असतो." त्यानं दार वर ढकललं, ऊन आत आलं. नाबोर डोळे पुसत होता, तेलाचा फराटा गालावर उमटला. एका उलट्या ठेवलेल्या बादलीवर तो बसला आणि जमिनीकडे बघत बोलू लागला. "तू का येईनासा झालास ते माहीताय मला. नको बोलूस, मला माहीताय. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती आणि मी एकदाही आलो नाही. चेला रोज आली, मी नाही. पार्किंगपर्यंत आलो होतो दोनदा. गाडीतून उतरवेना. माझा भाऊ त्याच इमारतीत गेला. ते काही कारण नव्हे. तिनं माझ्या पोरांना भरवलंय. यायला हवं होतं. तू मिठीत हात उचलले नाहीस तेव्हाच मी समजलो. बरोबर होतं तुझं. मला माफ कर, एली."

तो आला नव्हता हे एलिसेओच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. नऊ दिवसांत कोण आलं, कोण नाही, यातलं त्याला काही आठवत नव्हतं. समोर नाबोर गालावर तेल घेऊन बसला होता, दुसरीतल्या बाकावर मार खाऊन आल्यावर बसायचा तसा. तेव्हाही संत्रं एलिसेओनं फेकलं होतं. "जाऊ दे," एलिसेओ म्हणाला. आपलाच आवाज त्याला ऐकू आला, मोठ्या मनाच्या माणसाचा. नाबोरनं मान हलवली, एकदा नाक ओढलं, आणि उठून त्याच्या दंडाला धरलं. या वेळी एलिसेओनं हात उचलले.

मग कामाचं बोलणं झालं. बुजवणी गेली तिथं सगळं बदलावं लागणार. कॉइल, कॉम्प्रेसर, नळ्या. सामान नाबोर ओळखीच्या माणसाकडून जुन्यापैकी आणेल, हजाराच्या आत बसवेल. डॅशबोर्ड उतरवायला एक दिवस, चढवायला एक दिवस. शुक्रवारी रात्रीपर्यंत होईल, बाळ गार हवेत येईल. "आणि मजुरीचं नाव काढलंस तर याद राख," नाबोर म्हणाला. "मोठा पाना अजून हाताशीच आहे." "नाही काढत," एलिसेओ म्हणाला. नाबोरनं त्याला स्वतःचा पिकअप दिला. त्याला एसी नव्हताच कधी. मोजा एलिसेओनं बरोबर घेतला, स्टीअरिंगसाठी.

दुसऱ्या सिग्नलला तो थांबला तेव्हा त्यानं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. ती म्हणाली होती तू केलीस. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच बंद असूनही वळून पाहिलं. सिग्नल हिरवा झाला.

गाडी शुक्रवारी साडेआठला मिळाली. शनिवारी मिस्सा झाली. बाळ मागच्या सीटवर झोपून आलं आणि झोपून गेलं. इर्मा म्हणाली, "बघा, नीनोकडे आधीच न्यायची होती." नाबोर आणि एलिसेओ आता एकमेकांना अरे म्हणतात, याचं चेलाला फार आश्चर्य वाटतं. मोज्यावरचे डाग अजून आहेत. जूनमध्ये गाडी तू केलीस असं मी वर्षभर धरून चाललो होतो, हे नाबोरला सांगायचं राहिलं आहे.